मोठा आवाज, पोकळ नळी

दुपारी दोन वाजता सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या सोसायट्यांत खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात. रात्रपाळीचे कारीगर झोपलेले असतात. सकाळी सातला लूमच्या खात्यातून सुटायचं, चहा घ्यायचा, अंघोळ करायची, पोरांची शाळेची गडबड संपेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, मग आडवं व्हायचं आणि चारला उठायचं, कारण सातला पुन्हा पाळी. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांवर चालणाऱ्या या शहरात प्रत्येकाला रात्र रात्रीच मिळते असं नाही. हजारोंना ती दुपारी मिळते, आणि ती सहा तासांची असते.

मंगळवारी ती रात्र सव्वादोनला फुटली. एक बुलेट आमच्या गल्लीत वळली. चालवणाऱ्या पोराने चालत्या गाडीची चावी बंद केली, दोन सेकंदांनी पुन्हा फिरवली, आणि नळीतून बंदुकीच्या बारासारखा धडाका निघाला. समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. कुठल्या तरी घरात तान्हं मूल रडायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरचा माझा शेजारी, मूळचा अमळनेरकडचा, वीस वर्षं लूमवर उभा राहिलेला माणूस, बनियनवरच बाहेर आला आणि कठडा धरून ओरडला, "काबरं इतला आवाज करस रे भो?"

पोरगा तोवर पुणा-कुंभारिया रस्त्याला लागला होता.

काबरं, म्हणजे का? शेजाऱ्याने विचारलेला हा प्रश्न मला या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर गॅरेजमध्ये आहे, पदार्थविज्ञानात आहे आणि कायद्याच्या पुस्तकातही आहे. तिन्हीकडे जाऊन आलो.

आधी शब्दाचं बघू. आपल्या आज्यांनी या वाहनाला आवाजावरूनच नाव दिलं: फटफटी. त्या काळात ते वाहन गावात एखादं असे, पाटलाचं नाहीतर डॉक्टरचं, आणि ते आल्याचं कळलं की माणसं कौतुकाने बाहेर येत. आज पर्वत पाटियाच्या चौकात एका सिग्नलला साठ-सत्तर दुचाकी उभ्या असतात. साठ जणांनी एकट्याचा हक्क वापरायचा म्हटलं तर गाव बहिरं होईल. आता दुसरा शब्द. पोरगं आपल्या बापाला सांगतं, "मी नवीन सायलेन्सर बसवला." सायलेन्सर म्हणजे गप्प करणारा. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन माणसाने १९०९ साली बंदुकीच्या आवाजावर असा दाबणारा डबा काढला, आणि तेच तत्त्व पुढे इंजिनांच्या डब्यांसाठीही वापरलं. दाबणं हेच त्या वस्तूचं काम. दुकानात जी वस्तू शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, इंदौरी, पंजाबी अशा नावांनी टांगलेली असते ती काहीही दाबत नाही. तिला सायलेन्सर म्हणणं ही ग्राहकाची आणि भाषेची फसवणूक आहे. मी तिला नळी म्हणणार.

गॅरेजवाल्याने माझ्यासमोर दोन्ही कापले. एक कंपनीचा जुना, गंजून निकामी झालेला सायलेन्सर आणि एक वापरलेली नळी. ग्राइंडरने उभे चिरले आणि फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. कंपनीचा उचलताना त्याला दोन्ही हात लावावे लागले. आत तीन कप्पे. कप्प्यांमध्ये पत्र्याच्या आडव्या भिंती. प्रत्येक भिंतीतून गेलेल्या भोकाभोकांच्या छोट्या नळ्या, आणि एकीचं तोंड दुसरीसमोर नाही. धूर पुढे जातो, भिंतीवर आपटतो, मागे वळतो, दुसऱ्या वाटेने पुन्हा पुढे येतो. आमच्या जुन्या वाड्यात दिंडीदरवाजातून थेट माजघर दिसू नये म्हणून आडभिंत घालायचे, तसंच काहीसं. आणि नळी? ती त्याने एका हाताने माझ्या हातात दिली. आत एकच सरळ पाइप, त्याला भोकं, भोवती काळी पडलेली थोडी ग्लासवूल. एका टोकाला डोळा लावला तर दुसऱ्या टोकातून आभाळ दिसतं.

इतकंच आहे सगळं रहस्य. इंजिनाला जे बोलायचं असतं ते मधे कुणी न अडवता बाहेर येतं.

इंजिन काय बोलतं? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाबाचा तापलेला वायू कोंडलेला असतो. तो एका झटक्यात नळीत घुसतो. प्रत्येक वेळी एक ठोका. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठोका पडतो. म्हणजे एका सिलिंडरची ३५० सीसीची गाडी मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला २५ ठोके. आपल्या कानाला ते वेगळे मोजता येत नाहीत, ते मिळून एक घरघर होतात, आणि त्या घरघरीचे ५०, ७५, १०० असे २५च्या पटीतले सूर आपण ऐकतो. कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये एक ठोका भिंतीवरून परततो आणि पुढून येणाऱ्या ठोक्याला भिडतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात पडला की दोघेही मावळतात. कुठला सूर मारायचा हे कप्प्यांची लांबी ठरवते. म्हणून तो डबा लांब आणि पोटाळ असतो. आवाज जिरायला जागा लागते.

इथेच शॉर्ट बॉटलची मेख आहे. ग्लासवूल कर्कश, बारीक आवाज बऱ्यापैकी खाते. ध्वनी तिच्या धाग्यांत घासून उष्णता होतो. पण जाड, खोल सुरांपुढे ती हतबल असते. पन्नासच्या सुराची एक लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. ती वितीएवढ्या डब्यात, दोन बोटं जाडीच्या वूलमध्ये कशी मरणार? त्यामुळे छोटी नळी बारीक आवाज थोडा खाते आणि जाड आवाज जसाच्या तसा गल्लीत सोडते. आणि जाड आवाजच भिंतीतून, बंद खिडकीतून, उशीतून आत येतो.

ग्लासवूल टिकतही नाही. तापलेल्या वायूने जळते, भोकांतून कण कण उडून जाते. नळी विकत घेताना दुकानात पोराने जो आवाज ऐकला तो सहा-आठ महिन्यांनी राहत नाही, वाढतो. वूल पुन्हा भरायची असते हे शंभरातल्या किती जणांना ठाऊक असतं? काही नळ्यांच्या तोंडाशी एक बुच असतं. त्याला गॅरेजमध्ये डीबी किलर म्हणतात. एका स्क्रूवर बसतं. ते आहे म्हणून नळी दुकानात सभ्य वाटते, आणि घरी पोहोचेपर्यंत ते खिशात गेलेलं असतं.

मग बाकीच्या गोष्टी येतात. इंजिन जितकं मोठं, तितका प्रत्येक ठोक्यामागचा वायू जास्त. रेस जितकी जास्त, तितका आवाज जास्त. म्हणून एकच नळी एका पोराच्या हातात सहन होते आणि दुसऱ्याच्या हातात होत नाही. मनगटाचाही त्यात वाटा आहे, आणि तो वाटा फुकट सुधारता येतो. बेंड पाइपच्या सांध्यातलं गॅस्केट गेलं तर तिथून ठोका थेट सुटतो. पातळ पत्र्याची नळी स्वतःच घंटेसारखी कंप पावते. बीएस-सिक्स गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२०पासून विकल्या गेलेल्या गाड्यांत, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या बारीक जाळीतून जाताना आवाजही थोडा मऊ होतो. "फुल सिस्टीम" बसवली की तोही जातो, आणि आवाजासोबत विषही वाढतं. या कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूसाठी गुजरातेत मारुती ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. चोराला जी वस्तू मोलाची वाटते ती आपण स्वतःच्या हाताने काढून भंगारात देतो.

आमच्या भागाची एक खास गोष्ट सांगायला हवी. इथे पावसाळ्यात खाडी भरते. मिठी खाडीचं पाणी लिंबायत, पर्वत पाटियाच्या गल्ल्यांत शिरतं आणि दुचाकी दिवस दिवस चाकापर्यंत बुडून उभ्या राहतात. पाणी ओसरतं, गाडी सुरू होते, सायलेन्सरच्या पोटात गाळ आणि ओल राहते. आतून गंज चढतो. आतली भिंत झडते. दोन पावसाळ्यांत चांगल्या घरची, कुठलाही शौक न केलेली गाडीही फाटक्या आवाजात बोलायला लागते. मी ज्या पोरांवर चिडलोय त्यांत या गाड्यांचे मालक नाहीत. फाटका सायलेन्सर बदलायला पैसे नसणं वेगळं आणि धड सायलेन्सर काढून फेकणं वेगळं. पोलिसाने दोघांना एकाच रांगेत उभं करू नये.

चावीचा तो धडाका म्हणजे शुद्ध उपद्रव. चालत्या गाडीत चावी बंद केली की स्पार्क थांबतो, पण पिस्टन हलतच राहतो आणि न जळलेलं पेट्रोल हवेसकट तापलेल्या नळीत भरतं. चावी फिरवली की पहिल्या ज्वाळेने ते सगळं नळीतच पेटतं. जो स्फोट सिलिंडरच्या लोखंडी भिंतीआड व्हायचा तो गल्लीत होतो. सायलेन्सर फाटतो, व्हॉल्व्हवर ताण येतो, कन्व्हर्टर असेल तर त्याची जाळी वितळते. पोराच्या बापाने खात्यात उभं राहून मिळवलेला पैसा त्या एका आवाजात जळतो.

आता आकडे, कारण डेसिबल हा शब्द फार सैल वापरला जातो. डेसिबलची शिडी गुणाकाराची आहे. तीन वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दहापट, वीस वाढले की शंभरपट. १७५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलला आपल्या देशात ८० डेसिबलची मर्यादा आहे, ८० ते १७५ सीसीला ७७, त्याहून लहानांना ७५. रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवायचा आणि गाडी पूर्ण थ्रॉटलवर समोरून न्यायची. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या संस्थांतून हे तपासून घेतल्याशिवाय कंपनीला गाडी विकता येत नाही. एक-एक डेसिबल खाली आणायला इंजिनीअर महिनोन् महिने झटतात. मग आपल्याकडे अर्ध्या तासात दोन बोल्ट सुटतात. नळीने वीस डेसिबल वाढवले, तर ध्वनीच्या हिशेबात एका पोराने एकट्याने शंभर बुलेट गल्लीत आणल्या.

आणि या सगळ्या डामडौलात ताकद किती असते? नळीच्या तोंडापासून एक मीटरवर १०० डेसिबल भरले, तर त्या आवाजात खर्च होणारी शक्ती एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. देवघरातला एलईडीचा लुकलुकता दिवाही याहून जास्त घेतो. बुलेटचं इंजिन पंधरा हजार वॅटच्या घरातलं. त्यातल्या कणभर शक्तीने चार मजले उठून बसतात, कारण निसर्गाने कान इतका हळवा घडवलाय. गरजत आलेला पोरगा गाडीची ताकद दाखवत नसतो. तो आपल्या कानांचा हळवेपणा वापरून घेत असतो.

गाडी "पिकअप" घेते, असं तो सांगेल. कारखान्यातून निघताना इंजिनाचं इंधन, व्हॉल्व्हच्या वेळा आणि सायलेन्सर एकमेकांशी जुळवलेले असतात. नुसती नळी बदलून बाकी काही न जुळवता गाडी दौडत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, सोडल्या रेसला फटफट फुटतं. कमी फेऱ्यांवरचा जोर उलट घटतो, आणि सहारा दरवाजाच्या कोंडीत तोच जोर लागतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, बस.

"आवाजामुळे लोक बाजूला होतात, जीव वाचतो," हा दुसरा युक्तिवाद. मला तो ऐकून राग येतो, कारण तो जिवाचं नाव घेऊन केला जातो. नळीचं तोंड मागे असतं. आवाज सगळ्यात जास्त मागे फेकला जातो, जिथून तुम्ही आधीच निघून गेलेले असता. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी १९८१ साली मोटारसायकल अपघातांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात धोका प्रामुख्याने समोरून येतो असं दिसलं. समोरच्या काचबंद, एसी लावलेल्या गाडीत तुमची नळी पोहोचेपर्यंत तुम्हीही पोहोचलेले असता. दिवा लावा, हेल्मेट घाला, डावीकडून घुसू नका.

"बुलेट आहे, धडधड तर हवीच ना काका?" हा तिसरा, आणि हा मला समजतो. जुन्या बिडाच्या इंजिनाची ती धडधड मलाही आवडायची. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील. ठोके विरळ आणि भरीव पडत. आमच्या गावचे एक सर्व्हेअर संध्याकाळी बांधावरून यायचे तेव्हा त्यांच्या घरची चूल त्या आवाजावर पेटायची. पण ती धडधड कंपनीच्या लांब सायलेन्सरमधून यायची. तो आवाज घरच्यांना कळायचा आणि गावाला छळायचा नाही. आरएक्स-१००चीही हीच गोष्ट. टू-स्ट्रोक, दर फेरीला ठोका, म्हणून तिचा सूर चढा. तिच्या फुगीर एक्झॉस्टचा आकारच इंजिनाच्या कामाचा भाग होता. तो कापून जे मिळतं त्याला आरएक्सचा आवाज म्हणू नये. गाडीचा स्वतःचा आवाज आवडणारा माणूस तिच्या तोंडाला कर्णा बांधणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय त्या लूमवरच्या माणसाकडे येतो.

लूमच्या खात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे असतो. कारखान्यांच्या नियमांत नव्वदला आठ तासांची मर्यादा आहे. आमची पाळी बारा तासांची. वर्षानुवर्षं त्यात उभं राहिलेल्या कानाचं काय होतं हे वैद्यकाला पक्कं माहीत आहे. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे बारीक, टोकदार आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ पुसट होतात. "सात" आणि "हात" सारखेच ऐकू येतात. दाराची बेल, मोबाइलची रिंग, नातीची हाक जाते. पण खालचे जाड सूर फार उशिरापर्यंत शाबूत राहतात. म्हणजे नळी जे सूर गल्लीत सोडते, नेमके तेच त्याला पूर्ण ऐकू येतात. शिवाय अशा दुखावलेल्या कानाची एक खोड असते: हळू आवाज त्याला ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज निरोगी कानाइतकाच, कधी त्याहून टोचून लागतो. बायको तीनदा जेवायला बोलावते तेव्हा हा उठत नाही. बुलेट गेली की दचकून बसतो. घरचे म्हणतात, याला सोयीने ऐकू येतं. नाही हो. त्याला तेवढंच ऐकू येतं.

लिंबायत झोन हा सुरतेतल्या सगळ्यात दाट वस्तीच्या भागांपैकी एक. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाड्यांनी आलेली माणसं, ओडिशा आणि उत्तर प्रदेशातून आलेली माणसं, साडी बाजारातले राजस्थानी व्यापारी, सगळे भिंतीला भिंत लावून राहतात. गल्ली दोन गाड्या जेमतेम जातील एवढी. दोन्हीकडे चार मजले, खाली शटरं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. गल्लीत तो उतरायला जागाच नसते, या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत वर चढतो. पॅरिसमध्ये शहरातला आवाज मोजणारी ब्रुइपारिफ नावाची संस्था आहे. रात्री शहर ओलांडणारी एकच मोकळ्या नळीची स्कूटर दहा हजार माणसांपर्यंत जागं करू शकते, असा तिचा अंदाज आहे. पॅरिसच्या रस्त्यांपेक्षा आमच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि आमच्या खिडक्यांना दुहेरी काचा नाहीत.

कायदा काय म्हणतो? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. सगळे रात्री झोपतात असं गृहीत धरून लिहिलेला हा नियम. माझ्या शेजाऱ्याची रात्र सकाळी दहा ते दुपारी चार. तिला नियमात जागा नाही. आणि ही मर्यादा सरासरीची आहे. पाच सेकंद ८० डेसिबलने गल्ली हादरवून पोरगा गेला आणि उरलेला तास पूर्ण शांत असला, तर त्या तासाची सरासरी भरते साधारण ५१. कागदावर गल्ली शांत. सरासरीने कुणाची झोप मोडत नाही, ती त्या पाच सेकंदांनी मोडते.

गाडीपुरता मात्र कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने दिलेल्या तपशिलाला सोडून गाडीत फेरफार करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे सांगितलं. नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १९०(२) खाली आवाजाची मर्यादा मोडली तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने या फेरफार केलेल्या सायलेन्सरांची स्वतःहून दखल घेतली. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त केलेल्या नळ्यांवर रोडरोलर फिरवला. फोटो छान आले. त्याच आठवड्यात तसल्याच नळ्या दुकानात टांगलेल्या होत्या.

माझं भांडण इथे आहे. मेमो फाटतो तो पोराचा. नळी बनवणारा, विकणारा आणि बसवणारा यांच्या दारात कुणी जात नाही. जी वस्तू रस्त्यावर आणणं गुन्हा आहे, ती भर बाजारात बिलाशिवाय, बदलून देण्याच्या हमीसकट मिळते. अठरा वर्षांच्या पोराला दहा हजारांचा दंड म्हणजे त्याच्या बापाचा निम्मा पगार. दुकानदाराला काहीच नाही. युरोपात वेगळ्या विकल्या जाणाऱ्या सायलेन्सरवर मान्यतेचा "ई" शिक्का कोरलेला असतो. पोलिसाला वाकून शिक्का बघता येतो, वाद मिटतो. असा शिक्का आपल्याकडे सक्तीचा करा, आणि शिक्क्याशिवायची नळी विकणाऱ्या दुकानाचं शटर खाली ओढा.

दुसरी मागणी याहून सोपी. आपण सगळे पीयूसी काढतो. पंपाच्या कोपऱ्यातला माणूस नळीत कांडी घालतो, कार्बन मोनॉक्साइड मोजतो, कागद देतो. कांडी घालताना त्याच्या कानठळ्या बसत असल्या तरी आवाजाचा रकाना त्या कागदावर नाही. उभ्या गाडीचा आवाज मोजायची पद्धत जगभर ठरलेली आहे: नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरायचा, ठरलेल्या फेऱ्यांवर रेस द्यायची, आकडा वाचायचा. दोन मिनिटांचं काम. धुरासाठी रांग लावतो तिथेच हेही होऊ द्या. चौकात रोडरोलर आणावा लागणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी शेजारी आणि मी त्या पोराच्या घरी गेलो. पत्ता शोधायला अवघड गेला नाही, गाडी सगळ्यांना माहीत होती. पलीकडच्या गल्लीतच, दुसऱ्या मजल्यावर. बेल तीनदा वाजवली, कुणी आलं नाही. मग शेजाऱ्याने दारावर थाप मारली. दार पोराच्या बापाने उघडलं. तोही लूमवरचा, तोही रात्रपाळीचा, डबा भरून निघायच्या तयारीत. उजवा कान पुढे करून त्याने आमचं ऐकून घेतलं. रागावला नाही. म्हणाला, "बेल मला समजत नाही भो. पण पोराची गाडी वळणावर आली की छातीत कळतं. घरी आला, एवढं कळतं." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मी पण झोपेतून उठतो."

पोरगा आत उभा राहून ऐकत होता. कंपनीचा सायलेन्सर पलंगाखाली होता, साडीच्या पार्सलच्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. रविवारी सकाळी गॅरेजवाला गल्लीतच येऊन बसवून गेला. नवं गॅस्केट घातलं, बोल्ट कसले. बाप वर गॅलरीत कठड्यावर वाकून बघत होता. पोराने बटण दाबलं, इंजिन लागलं, त्याने हळूच एकदा रेस दिली आणि वर पाहिलं.

बापाने वरून विचारलं, "चालू व्हयनी का रे?"